दिवा लागल्यावरचं मीठ

"बंगल्यावर चार दिवस राहाले चालले म्हणता, पण मीठ बांधून घेतलं काय?"

तेजरामकाकांनी असं विचारलं आणि ओट्यावर बसलेली तिन्ही पोरं हसली. पोरं म्हणजे काकांच्या धाकट्या भावाची मुलं. जबलपूरला कॉलेजात शिकणारी, दिवाळीच्या सुटीत वारासिवनीला आलेली. बैहरच्या पुढं रानात फॉरेस्टचा जुना बंगला आहे, तिथं मित्रांसोबत जाऊन राहायचं त्यांच्या मनात होतं. काकांनी सव्वीस वर्षं त्या रस्त्यावर बसमध्ये कंडक्टरी केलेली. म्हणून मोठा शालिकराम विचारायला बसला होता की तिकडं जेवायला कुठं मिळतं, सामान कुठं मिळतं.

वीज गेली होती. आतून कंदील आणून कोणीतरी उंबऱ्यावर ठेवला.

"मीठ काय, कुठंपण भेटते काका," शालिकराम म्हणाला. "बाकीचं सांगा ना. हॉटेल-गिटेल आहे का तिथं?"

"हॉटेल बैहरले. स्टँडच्या मागं रुख्माबाईची खानावळ हाये, तिथं पोटभर जेवून घ्या. तांदूळ, डाळ, कांदे, तेल, काडीपेटी, समदं तिथूनच बांधा. पुढं काई भेटत नाई."

"बंगल्याजवळ गाव आहे ना? एक किराणा दुकान नाही?"

"होतं."

"मग बंद काहून पडलं?"

काकांनी विझलेली बिडी पुन्हा पेटवली नाही. हातात तशीच फिरवत राहिले. मग म्हणाले, "ज्याचं दुकान होतं तो घनश्याम शेवटची आठ वर्षं इथंच, आपल्या मागच्या गल्लीत राहत होता. त्यानं मले जसं सांगितलं तसं सांगतो. मधात कोणी उठू नका."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

जामटोला म्हणजे पन्नास-साठ घरांचं गाव. एका टोकाला घनश्यामचं दुकान, दुसऱ्या टोकाहून अर्ध्या मैलावर बंगला. बंगल्यात शिकारीला, हवा खायला, सुटीला माणसं येत. बालाघाटहून येत, नागपूरहून येत. बंगल्याचा चौकीदार होता हिरालाल, आणि स्वयंपाक करायची त्याची बायको आनंदी. शिधा पाहुण्यांनी आणायचा, रांधून आनंदीनं द्यायचं, अशी रीत. पाहुणे सगळं आणत. बासमती तांदूळ आणत, डब्याचं तूप आणत, कोंबड्या आणत, बाटल्या आणत. मीठ मात्र कोणीच आणत नसे. मिठाची आठवण माणसाला ताटावर बसल्यावरच येते. मग आनंदी आपल्या घरच्या बरणीतलं घालायची. बरणी संपली की घनश्यामकडं यायची.

घनश्याम माणूस वाईट नव्हता. वजनात खोटं करायचा नाही, तांदळात खडे घालायचा नाही. पण बापानं घालून दिलेला एक नेम तो मोडत नसे. दिवा लागला की दुकानातून मीठ द्यायचं नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी, तिन्हीसांजेला ती उंबऱ्याबाहेर काढली की परत येत नाही. तुमच्याही घरी आजी म्हणतच असेल. पण घरातल्या बाया शेजारणीला नाही म्हणतात आणि मग मागच्या दारानं वाटीभर देतात. घनश्यामच्या नेमाला मागचं दारच नव्हतं. एकदा रेंजरसाहेबाचा शिपाई रात्री मीठ मागायला आला, त्यालाही त्यानं हात हलवत परत पाठवलं. ही गोष्ट तो बाजाराच्या दिवशी चार माणसांत कौतुकानं सांगायचा.

सन पासष्टचा भादवा होता. नागपूरहून आलेले पाहुणे दोन दिवस राहून दुपारी जीप घेऊन निघून गेले. जाताना मटण खाऊन गेले, आणि त्या मटणात आनंदीच्या बरणीतलं शेवटचं मीठ गेलं. ती भांडी घासत होती तेव्हा तिचा पाच वर्षांचा पोरगा कुंपणाशी खेळत होता. कुंपणाशी धोतऱ्याची झाडं होती. पोरानं बोंड फोडलं आणि त्यातलं बी खाल्लं.

विष पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची, हे तिकडच्या प्रत्येक आईला ठाऊक असतं. हिरालाल पाहुण्यांचं सामान पोचवायला बैहरला गेलेला. आनंदीनं पोराला खाटेवर टाकलं आणि ती धावत निघाली. दुकानाशी आली तेव्हा घनश्याम नुकताच कंदील लावून हात जोडत होता.

"शेठ, मुठभर मीठ द्या. पोराले पाजाचं हाये."

घनश्यामनं डोळे मिटूनच सांगितलं, "दिवा लागला बाई. सकाळी ये."

"पोरानं धोतरा खाल्ला शेठ."

पाहुणे दुपारीच गेलेत हे घनश्यामला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, बंगल्यावर जेवणं व्हायची आहेत आणि ही बाई बहाणा करते आहे. दुकानासमोर दोन माणसं बिड्या ओढत बसली होती. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "पोराचं नाव सांगतं, अन् पाव्हण्याच्या मटनात टाकशीन."

ती दोघं हसली.

आनंदी आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग गावात घरोघर गेली. कोणाच्या घरात मीठ नव्हतं, कोणाच्या घरी दार उघडायला उशीर झाला. शेवटी एका घरी चिमूटभर मिळालं ते घेऊन ती परत गेली तेव्हा पोराचे दात आवळले होते.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला आणि ती पुन्हा दुकानाशी आली. रडत नव्हती. पदर नीट डोक्यावर घेतलेला.

"सकाळ झाली शेठ," ती म्हणाली. "आता द्या."

लहान लेकरू पुरायचं तर अंगाखाली आणि अंगावर मीठ टाकतात. पाच शेर तरी लागतं. घनश्यामनं तराजू न धरता पायलीनं ओतलं. तिनं पदरात बांधून घेतलं आणि ती गेली. नाल्याला पूर होता म्हणून पोराला बंगल्याच्या स्वयंपाकघरामागं मोहाखाली पुरलं.

त्यानंतर आनंदीनं तोंडाला मीठ लावलं नाही. अळणी पेज प्यायची. ती पण दोन दिवसांतून एकदा. कार्तिकात तीही गेली. हिरालालनं नोकरी सोडली आणि भिलाईचा रस्ता धरला. बंगल्याला नवा चौकीदार मिळेना. कोणी पाहुणे यायचे झाले तर बैहरहून माणूस पाठवत, आणि पाहुणे गेले की तोही कुलूप लावून परत जाई.

घनश्याम काय म्हणाला असेल? नेम होता, आपण पाळला, एवढंच तो स्वतःशी म्हणायचा. पण बाजाराच्या दिवशी रेंजरच्या शिपायाची गोष्ट सांगायचं त्यानं बंद केलं.

दोन वर्षं गेली.

सन सदुसष्ट, डिसेंबरची अकरा तारीख, सोमवार. घनश्यामची मुलगी सरिता बाळंतपणाला माहेरी आली होती. सोबत तिची साडेचार वर्षांची ललिता. घनश्यामची बायको कधीच वारलेली, त्यामुळं त्या एवढ्याशा पोरीनं त्याचं घर भरून गेलं होतं. त्या दिवशी तो सकाळीच बैलगाडी घेऊन बैहरला माल आणायला गेला. गूळ, रॉकेल, आगपेट्या आणि मिठाची दोन पोती. येताना नातीसाठी काचेच्या बांगड्या घेतल्या, तिच्या मनगटाचं माप त्यानं सुतळीनं घेऊन ठेवलं होतं.

गाडी गावात शिरली तेव्हा दिवस बुडाला होता. शेजारच्या महागूनं पोती उतरवायला हात लावला. घनश्यामनं कंदील लावला, हात जोडले, आणि नातीला हाक मारली.

ललिता मागच्या अंगणातून आली. ओठ कोरडे पडले होते. गाल लालबुंद. बांगड्यांकडं तिनं पाहिलंच नाही. ती हवेत हात घालून काहीतरी वेचत होती आणि तोंडात टाकत होती... तोंडात टाकत होती आणि पुन्हा हात पुढं करत होती.

"हे काय करून राह्यली ही?" घनश्यामनं विचारलं.

सरिता दारात आली. दिवस भरत आलेले, तिला धड चालवत नव्हतं. "मघापासून अशीच करते बाबा. झोपेत असल्यावानी."

घनश्यामनं कंदील पोरीच्या तोंडाजवळ नेला. तिच्या डोळ्यांत काळं तेवढंच उरलं होतं.

"काय खाल्लं बाई? आजोबाले सांग. काय खाल्लं?"

"मावशीनं देल्लं," ललिता म्हणाली.

"कोण्या मावशीनं?"

"बंगल्याच्या."

महागू पोतं अर्धवट उचलून उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं.

मागच्या अंगणात कंदील धरून पाहिलं. धोतऱ्याचं झाड तिथं एकही नव्हतं. पण न्हाणीच्या दगडावर फोडलेली बोंडं पडली होती. तीन... चार. काट्यांची, हिरवी, ओली.

"मीठ," महागू म्हणाला. "शेठ, मीठ पाजा लवकर. मी गाडी जुपतो. बैहरले न्यावं लागंन."

बैल दिवसभर चालून आलेले. बैहर आठ मैल. पोचेपर्यंत मध्यरात्र झाली असती. त्याआधी ओकारी निघायला हवी हे घनश्यामला कळत होतं. तो दुकानात धावला. नुकत्याच उतरवलेल्या पोत्याची शिवण त्यानं चाकूनं कापली आणि हात आत घातला.

हाताला गार लागलं. ओलं.

त्यानं मूठ बाहेर काढून कंदिलाशी धरली. काळी माती होती.

दुसरं पोतं फाडलं. माती. विकायचं मीठ लाकडी खोक्यात असे, त्याचं झाकण उघडलं. माती. घरात जाऊन चुलीजवळची बरणी उपडी केली. मातीचा ढेकूळ पडला आणि त्यातून एक गांडूळ निघून जमिनीवर वळवळायला लागलं.

सरिता ते पाहत होती. तिनं विचारलं नाही की हे काय आहे. बापाच्या तोंडाकडं पाहून ती म्हणाली, "बाबा, तुमी काय केलं होतं?"

घनश्याम महागूच्या घरी गेला. महागूच्या बायकोनं दिवा लागलाय वगैरे काही म्हटलं नाही. गाडग्यातलं होतं तेवढं सगळं त्याच्या ओंजळीत ओतलं. पांढरं, खडबडीत, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. बोटं घट्ट मिटून तो पंधरा पावलं चालला आणि आपल्या उंबऱ्यावर आला. ओंजळ उघडली.

माती.

पोरीच्या घशात बोट घालून पाहिलं. काही निघालं नाही. तिनं आजोबाचं बोट मात्र चावलं नाही, उलट हसली. त्याच्या खांद्यावरून मागं कोणाकडं तरी पाहत म्हणाली, "मावशी म्हणते, मीठ माह्याकडं हाये म्हणावं."

घनश्याम वळला नाही. त्याला ठाऊक होतं की मागं कोणी दिसणार नाही.

"सरिता," तो म्हणाला, "पोरीले सोडू नको. महागूची गाडी जुपून झाली की बसून घे. माह्यासाठी थांबू नको."

"तुमी कुठं चालले?"

"मीठ आणतो."

कंदील घेऊन तो निघाला. आठ वाजून गेले असतील. शुद्ध पक्षातलं चांदणं पडलं होतं, रस्ता पांढरा दिसत होता. गावात कोणाच्या तरी रेडिओवर गाणं चालू होतं, ते शेवटच्या घरापर्यंत ऐकू आलं. मग नाही आलं. थंडी होती पण त्याच्या अंगाला घाम सुटला होता. त्यानं आठवून पाहिलं, दोन वर्षांत तो या रस्त्यानं एकदाही आला नव्हता. त्या दिवशी पोराच्या मातीलाही तो आला नव्हता. दुकान उघडं होतं म्हणून.

बंगल्याच्या फाटकाला कुलूप होतं. बाजूच्या कुंपणाला भगदाड होतं, त्यातून तो आत गेला. बंगला अंधारात. खिडक्या बंद. मागं वेगळं बांधलेलं स्वयंपाकघर...

तिथून धूर निघत होता.

दार उघडं होतं. चुलीपुढं एक बाई पाठमोरी बसलेली. फुंकणी तोंडाला. चुलीवर काही नव्हतं. चुलीत लाकूडही नव्हतं. तरी ती फुंकत होती, आणि दर फुंकरीला भिंत लाल होत होती.

घनश्याम दाराबाहेर थांबला.

"बाई..." तो म्हणाला.

ती वळली नाही.

"मुठभर मीठ पाह्यजे. नातीले पाजाचं हाये."

फुंकर थांबली. भिंत काळी झाली.

"दिवा लागला, शेठ."

आवाज तोच. वाढलेला नाही, रागावलेला नाही. त्यानं हातातल्या कंदिलाकडं पाहिलं आणि घाईघाईनं तो विझवला. जणू त्यानं काही होणार होतं.

"पोरीनं धोतरा खाल्ला बाई. तिचा काय गुन्हा..."

"नातीचं नाव सांगता," ती म्हणाली, "अन् पाव्हण्याच्या मटनात टाकसान."

कोणीतरी हसलं. दोन माणसं हसली. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

घनश्याम खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून उंबऱ्यावर ठेवली. आयुष्यात त्यानं कोणापुढं टोपी काढली नव्हती. "चुकलं माह्यं. मले काय कराचं ते कर. तिले सोड."

चुलीतली राख फुंकणीनं ढवळल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ. तेवढ्या वेळात पोरगी तिकडं किती पुढं गेली असेल, याचा हिशोब त्याच्या छातीत चालला होता.

"माह्या पोराचं नाव सांगा," ती म्हणाली. "मंग देतो."

घनश्यामनं तोंड उघडलं.

पोरगा त्याला आठवत होता. रोज आठवत होता. आईच्या मागं पदर धरून यायचा. गुळाच्या ढेपेकडं बघत उभा राहायचा. घनश्यामनं दोन-तीनदा त्याला गुळाचा खडाही दिला होता. 'ए चौकीदार, इकडं ये,' असं म्हणून दिला होता. चौकीदार म्हणूनच हाक मारायचा. पाच वर्षं. नाव...

नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"सांगा, शेठ."

"...नाई मालूम."

फुंकणी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. हळूच. निजलेलं लेकरू जागं होऊ नये म्हणून ठेवतात तशी.

"मीठ हाये," ती म्हणाली. "तुमीच देल्लं. सकाळी. पाच शेर. अर्धं खाली टाकलं, अर्धं वरून टाकलं. मले त्याच्या अंगावरून काढवत नाई."

तिनं मागच्या भिंतीकडं बोट केलं.

"तुमाले काढवत असंन तं काढा."

घनश्याम उठला. स्वयंपाकघराच्या मागं गेला. मोहाचं झाड. त्याखाली गोल गोटे मांडलेले, लहान. त्यानं एकेक गोटा उचलून बाजूला ठेवला. फेकला नाही. मग हातांनी उकरायला लागला.

माती गार होती. मोकळी होती. दोन पावसाळे तिच्यावरून गेले असं वाटत नव्हतं. नखांत गेली. कोपरापर्यंत गेली. त्याच्या मागं कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. तरी उभं होतं.

हाताला कोरडं लागलं.

खडबडीत... कोरडं... मीठ.

त्यानं मूठ भरली.

आणि त्याचं बोट कोणीतरी धरलं.

लहान हात. उबदार. बाजारात पोर बापाचं बोट धरतं, तसं. घट्ट नाही. पण सुटेना.

"सोड..." घनश्याम म्हणाला. "सोड रे..."

पुढं काय म्हणायचं? पोराला हाक मारायची तर नाव लागतं. नाव घेऊन म्हटलं असतं तर कदाचित सोडलं असतं. तो नुसताच रे, रे करत राहिला. मागचं माणूस वाकलं होतं. केस त्याच्या मानेला लागत होते.

"सोड रे बाबा... तिले पाजाचं हाये... सोड..."

सोडलं नाही.

शेवटी त्यानं हात ओढला.

काहीतरी मोडल्यासारखं झालं. वाळलेली काडी मोडते तसं. एवढंच.

तो पळाला. कंदील राहिला, टोपी राहिली, उकरलेलं तसंच राहिलं. मागून ओरडणं नाही, पावलं नाहीत. काहीच नाही. सबंध रस्ताभर तो मूठ छातीशी धरून पळाला आणि ती उघडून पाहायची हिंमत त्याला झाली नाही.

दमलेले बैल जू घेईनात म्हणून दारातली गाडी नुकतीच जुपून झाली होती. सरिता पोरीला मांडीवर घेऊन गाडीतच बसली होती. महागूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. घनश्यामनं त्यावर मूठ उघडली.

पांढरं मीठ पाण्यात पडलं.

महागूनं पोरीचं तोंड उघडून धरलं, सरितानं पाजलं. एक घोट. दुसरा. तिसऱ्याला पोरगी आचके देऊन ओकली. काळं बी पडलं, हिरवं पाणी पडलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकली. मग रडायला लागली. खरं रडणं. आई म्हणून हाक मारली.

तरी महागूनं गाडी हाकलली. घनश्याम गाडीत बसला नाही. तो म्हणाला, "माह्यं एक काम राह्यलं," आणि रात्रभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. महागू दोन मैलांवरून परत आला, कारण पोरगी झोपली होती आणि तिचा श्वास नीट चालला होता. येऊन त्यानं पाहिलं, घनश्याम तसाच बसलेला.

कंदिलाच्या उजेडात काका थांबले. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले. मग शेवटचं सांगितलं.

उजाडल्यावर घनश्यामनं दुकानातली पोती पाहिली. मीठच होतं, दोन्हींत. खोक्यातही मीठ. त्यानं पाच शेर मोजून कापडात बांधलं आणि महागूला म्हणाला, "माह्यासंगं चाल."

वाटेत त्यानं विचारलं, "महागू, हिरालालच्या पोराचं नाव काय होतं?"

महागू चालता चालता थांबला. "तुमाले ठाऊक नाई शेठ? तुमच्याच दुकानासमोर तं खेळे."

"नाई."

"बुधराम."

मोहाखाली खड्डा उघडाच होता. घनश्यामनं आत पाहिलं नाही. मीठ ओतलं, माती लोटली, गोटे जसे होते तसे मांडले. मग हात जोडून म्हणाला, "बुधराम." आणखी काही म्हणायचं होतं, ते त्याला सुचलं नाही. येताना नाल्यावर थांबून त्यानं वाळू घासून हात धुतले, दोनदा. दुकान त्यानंतर त्यानं कधी उघडलं नाही.

ललिता त्या सकाळी उठून बसली आणि तिनं पेज मागितली. आदल्या दिवसाचं तिला काही आठवत नव्हतं. त्याच सकाळी गावची गुरं चरायला निघाली ती रानाकडं वळलीच नाहीत. नाल्याकडून येणाऱ्या घनश्यामला त्यांनी रस्त्यात गाठलं, गाई, बैल, वासरं, सगळी त्याच्याभोवती गोळा झाली आणि आळीपाळीनं त्याचा धुतलेला उजवा हात, मीठ चाटावं तसा, चाटायला लागली. महागूनं काठीनं हाणली तरी हलली नाहीत.